काळीवर गाडी उभी करायची म्हणजे

आज पिकाचं नाही, जागेचं लिहितोय.

जड गाडी घराजवळ बारा महिने सरळ उभी राहील अशी जागा कशी करायची, हा प्रश्न सध्या निम्म्या माणात आहे. कुणाची उसाची ट्रॉली, कुणाचा दहाचाकी, कुणाचं मळणी यंत्र. आमच्याकडं तर चाकावरचं घरच येणार आहे, त्याचं पुढं सांगतो. पण गंमत अशी की हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्याला पडलाच नव्हता. गाड्या त्यांच्याकडंही होत्या. मग का पडला नव्हता, ते शोधायला गेलो आणि लांबपर्यंत गेलो.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. काळी आणि पांढरी. जुन्या वतनाच्या कागदांत गावाचे हे दोन भाग असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, माणसं राहतात ती जागा. आपण हे शब्द आता फक्त 'काळी आई' म्हणताना वापरतो, पण त्यात बांधकामाचं सगळं शास्त्र आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते आपण बघतोच. अशा जमिनीवर भिंत उभी केली तर भिंत वर्षातून एकदा वर उचलली जाते आणि एकदा खाली बसते. तडा जाणारच. म्हणून घर काळीत बांधायचं नाही, हा नियम. घर बांधायचं ते उंचवट्यावर, मुरमाड जागी. तिथं शेकडो वर्षं चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण हे सगळं साठत गेलं, की ती पांढरी. हीच माती धाब्याच्या घरावर घालायचे, कारण ती काळीसारखी भेगाळत नाही. दख्खनमध्ये जुन्या वस्तीची अशी पांढरीची टेकाडं खोदूनच पुरातत्त्ववाल्यांनी कितीतरी इतिहास बाहेर काढलाय.

म्हणजे बैलगाडी वाड्यापुढं उभी राहायची ती पांढरीवर. शतकानुशतकं माणसांनी, गुरांनी तुडवलेली जागा. तिला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

काळीत टणक जागा लागायची ती एकाच कामाला, खळ्याला. आणि खळं करणं ही आपल्याकडची जमीन पक्की करायची सगळ्यात जुनी विद्या. ज्यांनी केलंय त्यांना आठवेल, बाकीच्यांसाठी सांगतो. शेतातली जरा चढाची जागा बघायची, पाणी साठेल अशी नाही. गवत, धसकटं मुळासकट काढायची. वरचा थर थोडा उकरून, ढेकळं फोडून सारखा करायचा. मग पाणी मारायचं, आणि लगेच तुडवायचं नाही. थांबायचं. माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि तो खाली टाकला तर फुटावा, इतकी ओल राहिली की बैलांची पात धरायची आणि गोल गोल फिरवायची. मधोमध तिवडा. वरून भुसा टाकायचा म्हणजे खुराला माती चिकटत नाही. राहिलेली जागा चोपण्यानं चोपायची आणि शेवटी शेणाचा सडा, सारवण. सारवण हे शोभेसाठी नव्हतं. वरून पाणी आत जाऊ नये आणि धान्यात माती येऊ नये, यासाठी होतं.

यातली 'थांबायचं' ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. कोरडी माती कितीही चोपा, दबत नाही. चिखल चोपला तर तो बाजूला सरकतो. मधली एक ओल असते, तेव्हाच ती सगळ्यात घट्ट बसते. १९३३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात राल्फ प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरनं मातीच्या धरणांसाठी हे मोजून दाखवलं, आणि आजही रस्त्याच्या, धरणाच्या मातीकामाची तपासणी त्याच्या नावानं होते. त्यानं मोजमाप दिलं, ते मोठंच काम आहे. पण लाडवाची परीक्षा आपल्याकडं आधीपासून होती. वापशावर ट्रॅक्टर घातला की जमीन दडपते अशी आपण तक्रार करतो ना, तेच शेतात नुकसान आणि अंगणात फायदा.

आता चाकाकडं येऊ.

मराठीत 'चाकोरी' हा शब्द आहे. चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार वगैरे. मूळ अर्थ गाडीच्या चाकानं जमिनीत पडलेली चर. लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची, जेमतेम दोन बोटं रुंद. गाडीत अर्धा-पाऊण टन माल असेल तर तो सगळा भार दोन चाकांखालच्या चार-चार चौरस इंचांवर. ओल्या काळीत ती धाव सुरीसारखी उतरायची. एकदा चर पडली की पुढची गाडी त्याच चरीतून, आणि पावसाचं पाणीही त्याच चरीतून. म्हणून पावसाळ्यात गाड्या बंद. त्याआधीच्या काळात तर माल गाडीवर फारसा जातच नव्हता, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर जायचा.

गाडी वाढली ती इंग्रजी अमदानीत, आणि त्यातला एक धागा आपल्या शेजारचा आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागात जमिनीची नवी मोजणी आणि सारा ठरवायचं काम चालवलं होतं. शेतकऱ्यानं सारा रोख भरायचा तर माल बाजारात गेला पाहिजे, आणि माल जायला गाडी पाहिजे. तेव्हाच्या गाड्या जड, अख्ख्या भरीव चाकांच्या. म्हणून गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटच्या देखरेखीखाली टेंभुर्णीला, म्हणजे पंढरपूरच्या वरच्या अंगाला, हलक्या गाड्या बनवायचा कारखाना काढला. त्या आधी १८३० मध्ये बोरघाट गाड्यांसाठी खुला झालेला होताच. तुंबा, आरे, धाव असलेली जी बैलगाडी आपण 'परंपरेची' म्हणून लग्नपत्रिकेवर छापतो, तिचा आपल्याकडचा प्रसार असा सारावसुलीच्या मागणीतून झाला.

गाडी आली, मग सडक पाहिजे. इथं इंग्लंडातल्या एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. जॉन लाउडन मॅकॅडम, मूळचा स्कॉटलंडचा, १८१६ पासून ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी. त्याच्या आधीची समजूत अशी की रस्ता टिकायचा तर खाली मोठे मोठे दगड उभे लावून पाया केला पाहिजे. थॉमस टेलफर्ड हा त्याच मताचा, आणि आपण आजही ज्याला सोलिंग म्हणतो ती तीच पद्धत. मॅकॅडम म्हणाला, भार दगड पेलत नाही, खालची माती पेलते. ती कोरडी ठेवा, मग ती काहीही पेलेल. दगडाचं काम फक्त छप्पर होण्याचं. म्हणून त्यानं छोटी, कोपऱ्याकोपऱ्याची खडी घेतली, सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा एकही खडा जड नको. दहा इंचांपर्यंत थर, रस्ता मधे थोडा उंच, दोन्ही बाजूला पाणी जायला चर. खडे एकमेकांत अडकतात आणि वाहतुकीनं आणखी घट्ट होतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर 'खडीकरण' लिहिलेलं असतं आणि ठेकेदार 'डब्ल्यूबीएम' म्हणतो, त्या 'एम'मध्ये हाच मॅकॅडम आहे.

बघा, खळ्याचा नियम आणि ह्याचा नियम एकच. पाणी आत जाऊ द्यायचं नाही.

पण ही खडी फोडली कुणी? हा प्रश्न पुस्तकात लवकर सापडत नाही, आणि माणदेशात बसून तो टाळताही येत नाही. हातोडीनं दोन इंचाची खडी पाडणं हे यंत्राच्या आधीच्या काळातलं सगळ्यात स्वस्त, कुणालाही लावता येईल असं काम. म्हणून दुष्काळ पडला की सरकार खडी फोडायला लावायचं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात साताऱ्याचा पूर्वभाग होरपळला. आपल्या राजेवाडीच्या तलावाची मुळं त्याच दुष्काळातल्या कामांत आहेत. तलाव दिसतो, म्हणून तो लक्षात राहिला. सडकेखाली गेलेली खडी कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याच दुष्काळात रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर काम करणाऱ्याला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्याएवढे पैसे आणि वर एक आणा, एवढंच. मुंबई इलाख्यात लोकांनी १८७७ च्या सुरुवातीला कामं सोडून निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याची बाजू सरकारपुढं मांडली. उपाशी माणसानं काम सोडणं म्हणजे काय असतं, याचा विचार करून बघा.

पुढचा मोठा दुष्काळ १९७२ चा. हा आपल्या घराघरात आहे. मिलो ज्वारी, सुकडी, मस्टर, मुकादम हे शब्द अजून ऐकू येतात. मे १९७३ च्या सुमारास राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि त्या योजनेचा कायदा १९७७ ला झाला. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते आणि खडी. खडीच्या कामावर बायका फार. अंगाला पोतं, डोक्यावर पदर, मांडीवर नाहीतर बाजूला पोर. डोळ्यात कच जायची. बोटं फुटायची. खडी मापात भरली तर पैसे, नाहीतर कमी. आपल्या भागातल्या कितीतरी डांबरी रस्त्यांच्या पोटात ती खडी आहे. कुणी हे उकरून मोजणार नाही, पण आपण 'रस्ता सरकारनं केला' म्हणतो तेव्हा मला तरी ते वाक्य अर्धं वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडं. जागेचा प्रश्न आपल्यालाच का पडला?

कारण आपण पांढरी सोडली. विहिरीवर वीज आली, मोटार आली, तशी माणसं मळ्यात राहायला गेली. गावठाणातली वाडे-घरं वाटण्यांत अडकली, पडली. वस्ती झाली काळीत. तोपर्यंतही निभावलं, कारण माण कोरडं. आपला पाऊस मुख्यतः परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात पंधरा-वीस दिवस चिखल, की पुन्हा जमीन दगडासारखी. पण आता उरमोडीचं, जिहे-कठापूरचं पाणी तालुक्यात आलंय. ज्या शिवारात बाजरी नाहीतर मोकळं रान होतं तिथं ऊस उभा आहे. पाटाला पाणी म्हणजे अंगणाखालची काळी हिवाळ्यातही ओली. आणि बरोबर त्याच वेळी दारात येणारी गाडी दसपट जड झाली. पाण्याबद्दल तक्रार नाही, गैरसमज नको. पण पाण्याबरोबर जमिनीची वागणूक बदलते, हे कुणी सांगत नाही.

टायरचं थोडं सांगतो. हवेचा टायर १८८८ मध्ये आणला डनलॉपनं, आणि तो होता जनावरांचा डॉक्टर. आपल्याकडं ऊसवाहतुकीच्या रबरी चाकाच्या बैलगाडीला अजून 'डनलॉप'च म्हणतात. रबरी टायरचा साधा हिशोब असा, की आत जितक्या पौंडांची हवा, साधारण तितकाच दाब तो जमिनीवर देतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात शेतात १५ पौंडांच्या आसपास हवा, म्हणून एवढं धूड रानात चालतं. मालट्रकच्या चाकात १०० च्या वर. म्हणजे दिसायला लहान चाक, पण जमिनीला बोचतं सहा-सात पट. त्यात उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट, कारण तीच चार जागी महिनोन्महिने भार. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ बघा. मार्गशीर्षात एक दिवस माणसं दोरखंडानं ओढतात, बाकी वर्षभर तो उभाच. ओढायचा दिवस सगळ्यांना दिसतो, पण लाकूड आणि चाक सांभाळलं जातं ते उभं असताना.

आमच्याकडं येणारी गाडी अशीच आहे. भाचा गलाईच्या धंद्यात, तिकडं लांब उत्तरेत. विटा-आटपाडीकडची आणि आपल्याकडचीही किती कुटुंबं त्या धंद्यात देशभर पसरलीत, तुम्हाला माहीत आहे. गावठाणातलं त्यांचं घर दोन पावसाळ्यांपूर्वी बसलं. अक्काचं वय झालंय, जिना चढत नाही, पण यात्रेला गावातच राहायचं हा हट्ट. भाच्यानं मिनीबस आतून घरासारखी करून घेतली. पलंग, ओटा, संडास, पाण्याची टाकी, सगळं. अशा गाड्यांना कॅराव्हॅन म्हणतात आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आणलंय. भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी लावायची कुठं? आई आत झोपणार, जरा बी कलायला नको."

हे 'जरा बी' महत्त्वाचं. ट्रॉली एका अंगाला चार बोटं बसली तर काही बिघडत नाही. आत म्हातारं माणूस रात्री उठून चालणार असेल तर बिघडतं.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, काँक्रीट ओत. मी नको म्हटलं. काळीवर थेट ओतलेलं काँक्रीट काळी फुगली की तडकतं, आणि खाली मुरूम भरून मग ओतायचं तर निम्मं काम मुरमानंच केलेलं असतं. शिवाय दुष्काळी तालुक्यात पावसाचा थेंब अंगणातून ओढ्याला घालवायचा, हे मनाला पटत नाही. ज्याच्याकडं रोज भरलेला दहाचाकी वळणार आहे त्यानं काँक्रीट जरूर करावं. आमची गाडी वर्षातून दोनदा येणार.

मग जागा घेतली ३५ फूट लांब, १४ फूट रुंद, घराच्या वरच्या अंगाला, पाटापासून लांब. जेसीबीनं एक फूट काळी काढली. ती टाकली नाही, डाळिंबाच्या खड्ड्यांना गेली. हिशोब सोपा आहे, ३५ गुणिले १४ म्हणजे ४९० घनफूट, जवळपास पाच ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून सहा ब्रास आणला. (मुरूम हे गौण खनिज आहे, पावती बघूनच घ्या, नाहीतर गाडी पकडली की तुमचंही काम अडकतं.) तळाला राहिलेल्या काळीत चुन्याची भुकटी मिसळून पाणी मारलं. चुन्यानं काळीचं फुगणं कमी होतं, जुन्या बांधकामवाल्यांना हे माहीत होतं. चुनखडीचे खडे तर आपल्या रानातच निघतात आणि घाणीत मळलेल्या चुन्यावर जुन्या विहिरी अजून उभ्या आहेत.

मुरूम एकदम ओतला नाही. सहा इंचाचा एक थर, पाणी, मग थांबणं, लाडवाची परीक्षा, मग रोलर. तसाच दुसरा. रोलरवाल्याला थांबायची घाई असते, त्याचं भाडं तासावर. त्याला आदल्या दिवशी न बोलावता पाणी आदल्या दिवशी मारून ठेवावं, म्हणजे तो आला की ओल बरोबर असते. वर चार इंच खडी, दोन ब्रास लागली, तिच्या फटीत बारीक मुरूम आणि कच झाडून भरली, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. कडेनं डबर लावलं, नाहीतर खडी बाजूला पसरते. उतार लांबीच्या दिशेनं जवळजवळ शून्य ठेवला, कारण अक्काचा पलंग त्या दिशेनं. रुंदीत मात्र १४ फुटांना चार बोटं दिली. तेवढ्यानं पाणी जातं, आणि उरलेला फरक चाकाखाली फळी देऊन काढता येतो. पाणी कडेच्या चरीतून लिंबाखालच्या शोषखड्ड्यात. गाडीच्या जॅकखाली द्यायला बाभळीच्या दीड फुटी चार फळ्या कापून ठेवल्या, कारण जॅकचा पाय तळहाताएवढा आणि तो खडीतही रुततो.

खडीचा ढीग पडला त्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या आजी बघायला आल्या. बाहत्तरला त्या खडीवर होत्या. काठी टेकून ढिगाशी बसल्या, पाच-सहा खडे उचलून तळहातावर फिरवले. म्हणाल्या, "मशीनची हाय व्हय? चपटी लई हाय. आमी अशी पाडली असती तर मुकादमानं मापात धरली नसती. चपटा खडा चाकाखाली उलटतो, बाबा."

त्यांचं खरं आहे. चौकोनी खडा रुततो, चपटा घसरतो नाहीतर मोडतो. क्रशरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्या भावात अशीच येते. दोघं गडी लावून अर्धा दिवस चपटे खडे वेचले. तीन-चार घमेली निघाली. ती शोषखड्ड्यात घातली.